हाताला गुण आहे म्हणतात. मी लोकांना फसवते आहे का?

पत्र:

"मी डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहते. वय 56. अंगणवाडीच्या कामातून आता मोकळी झाले आहे. माझी आई दृष्ट काढायची, नागीण उतरवायची. ती गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी पडवीत बसते, येणाऱ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर हात ठेवते आणि कुलदेवतेचे नाव घेऊन प्रार्थना करते. त्या वेळी माझे तळहात गरम होतात. लोकांना झोप लागते, अंगदुखी हलकी होते, तिघांची नागीण गेली. शेजारच्या ख्रिस्ती बायकाही 'मातसो हात दवर गो बाय' (जरा हात ठेव गं बाई) म्हणत येतात आणि मनातल्या मनात 'आमच्या बापा' म्हणतात. मी पैसे मागत नाही. कोणी नारळ ठेवतो, कोणी पन्नास रुपये. मुलगा वेर्ण्याला औषधांच्या कंपनीत आहे. तो म्हणतो, ही सरळ फसवणूक आहे. उलट एक परिचित गृहस्थ म्हणतात, रेकीचे सर्टिफिकेट घ्या, म्हापशाला हॉल घेऊ, पत्रके छापू, फी ठरवू.

या सगळ्यात एक गोष्ट मला झोपू देत नाही. वाळपईच्या बाजूची एक बाई, वय 43, दर गुरुवारी येते. तिच्या छातीला चार महिन्यांपासून गाठ आहे. घरी कोणाला सांगितलेले नाही. मलाही शपथ घातली आहे. गावच्या देवीचा कौल घ्यायला पाकळ्यांचा प्रसाद लावला तो डावा, म्हणजे नकाराचा, आला, म्हणून डॉक्टरकडे जायचे नाही म्हणते. माझ्याकडे आली की 'बरे वाटते' म्हणते. मी काय करू? हे सगळे बंद करू का?"

उत्तर:

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही जे लिहिले आहे तेच मी आधी घेते, कारण बाकीच्या प्रश्नांना महिनाभर उशीर झाला तरी कोणाचे काही बिघडणार नाही आणि या प्रश्नाला झाला तर बिघडेल. पुढच्या गुरुवारी ती बाई पडवीत येऊन बसेल तेव्हा तिच्या पाठीवर हात ठेवण्यापूर्वी तुम्हाला तिच्याशी बोलायचे आहे. काय बोलायचे ते मी लिहितेच. पण हे बोलणे तुमच्यावरच का येऊन पडले आहे, ते आधी सांगितले पाहिजे.

स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही पाण्याने भरलेल्या असतात, काही नुसत्या तंतुमय असतात आणि त्यांचे पुढे काहीही होत नाही. परंतु कोणती गाठ कोणत्या जातीची, हे बोटांनी चाचपून ठरत नाही. अनुभवी शल्यचिकित्सकाच्या बोटांनीही नाही. म्हणूनच डॉक्टर तीन गोष्टी एकत्र पाहतात: हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज वाटल्यास सुईने काढलेल्या तुकड्याची तपासणी. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या स्तनात चार महिने टिकून राहिलेली गाठ अशी तपासून घेतल्याशिवाय तिला कोणीही 'निर्धास्त राहा' असे सांगू नये. त्यात कर्करोगाच्या गाठीची एक वाईट खोड अशी की सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. कंबर धरली म्हणून तुमच्याकडे आलेली बाई 'बरे वाटले' म्हणते, तेव्हा निदान तिचे दुखणे कमी झाले असा अर्थ होतो. या बाईचे काही दुखतच नव्हते, मग तिला बरे कशाने वाटते? तिची भीती कमी होते. ताई, माझे सगळे म्हणणे या एका जागी येऊन थांबते. त्या बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत नेऊ शकेल अशी एकच गोष्ट आज तिच्यापाशी आहे आणि ती म्हणजे तिची भीती; तुमचा हात दर गुरुवारी ती भीती आठवडाभर पुरेल इतकी शांत करतो, आणि गाठ मात्र आहे तिथेच राहते. तुमच्या मनात कपट नाही हे पत्राच्या ओळीओळीतून दिसते, पण कपट नसल्याने परिणाम बदलत नाही.

येल विद्यापीठातील संशोधकांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असतानाही रूढ उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचारांवर राहिलेल्या 281 रुग्णांची तुलना रूढ उपचार घेतलेल्यांशी केली होती. पर्यायी उपचारांवर राहिलेल्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला, आणि स्तनाच्या कर्करोगात तर तो पाचपटींहूनही अधिक होता. त्या उपचारांनी कोणाला विष घातले, असा याचा अर्थ नाही. खऱ्या उपचारांची जागा आणि वेळ त्यांनी खाल्ली, एवढाच आहे.

आता काय बोलायचे ते. 'तू डॉक्टरकडे जा' एवढे म्हणून चालणार नाही. ते तिला स्वतःलाही माहीत आहे. तिला म्हणा, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करणे सोडणार नाही, पण ही गाठ माझ्या हाताच्या आवाक्यातली नाही. तपासून घेऊ, मी तुझ्याबरोबर येते." यातले शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत. ती ज्या अर्थी वाळपईच्या बाजूहून बस धरून तुमच्या पडवीपर्यंत येते, त्या अर्थी तिला सोबत हवी आहे. वाळपईच्या आरोग्य केंद्रात कोणीतरी ओळखीचे भेटेल अशी तिला धास्ती असेल, तर डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात महिला डॉक्टरांना भेटा. तिथून बांबोळीला गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, शल्यचिकित्सा विभागासाठी चिठ्ठी मिळेल. खर्चाची काळजी तिने बोलून दाखवली नसली तरी ती असणारच. तिच्या घरी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड आहे का, विचारा. तीन किंवा त्याहून कमी माणसांच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण त्या योजनेत ठरवलेले आहे. आणि एक भीती बायका बहुधा बोलतच नाहीत, ती तुम्हीच तिच्या वतीने बोला: 'सगळेच कापून टाकतील'. गाठ लहान असताना सापडली, तर पुष्कळ वेळा केवळ गाठ आणि भोवतालचा थोडा भाग काढून स्तन वाचवता येतो. उशीर केल्याने शस्त्रक्रिया टळत नाही, ती मोठी होते.

शपथेचे म्हणाल, तर ती मोडू नका. तिच्या नवऱ्याला किंवा सासूला परस्पर निरोप धाडलात तर ती तुमच्याकडे यायची बंद होईल आणि मग तिच्याशी या विषयावर बोलणारे कोणीच उरणार नाही. मात्र गुप्तता गावापासून राखायची असते, डॉक्टरांपासून नाही, हे तिला समजावता येईल. दोन गुरुवार असेच गेले, तर तिने स्वतः निवडलेल्या एका माणसाला, बहिणीला म्हणा किंवा मोठ्या मुलीला, सांगण्याची परवानगी तिच्याकडून मागून घ्या. 'तपासल्याशिवाय मी हात ठेवणार नाही' अशी अट घालण्याचा मोह तुम्हाला होईल. मी ती घातली नसती. अट घातली की ती दुसऱ्या कोणाकडे जाईल, आणि तो दुसरा तिला बांबोळीचे नावही काढू देणार नाही. हात ठेवाच, पण प्रत्येक वेळी आधी तपासणीच्या तारखेचे बोलणे होईल आणि मग हात, असा क्रम लावा.

राहिला प्रसाद. डाव्या प्रसादाला आपल्याकडच्या माणसाच्या मनात किती वजन असते ते मला ठाऊक आहे. लग्न, जमीन, घराचा पाया यांसारख्या गोष्टी त्यावर थांबलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि 'ह्या पाकळ्यांना काय कळते' असे तिला सांगणे हा तिला गमावण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. त्याऐवजी तिने नेमके काय विचारले होते ते शोधून काढा. बहुधा तिने 'ऑपरेशन करून घेऊ का' असे विचारले असणार. ऑपरेशन करा असे अजून कोणीच सांगितलेले नाही. सध्या प्रश्न आहे तो केवळ तपासणीचा, आणि त्याचा प्रसाद लावलेलाच नाही. पुन्हा प्रसाद लावायला मात्र तिला पाठवू नका, कारण तोही डावा आला तर तुम्ही दोघी अडकाल. देवळात जायचेच असेल तर तिने गाऱ्हाणे घालावे: 'आई, अमुक दिवशी तपासायला जाते आहे, पाठीशी उभी राहा.' गाऱ्हाण्यात देवीची परवानगी मागायची नसते, तिला सोबत घ्यायचे असते, आणि हा भेद त्या बाईला माझ्यापेक्षा तुम्ही चांगला सांगाल.

इथून पुढे तुमच्याविषयी. मुलगा फसवणूक म्हणतो आणि लोक गुण म्हणतात, आणि तुम्ही या दोन शब्दांच्या मध्ये उभ्या आहात. 2011 साली अमेरिकेत झालेला दम्याचा एक अभ्यास मला या बाबतीत फार बोलका वाटतो. त्यात 39 रुग्णांना आळीपाळीने चार प्रकारे वागवले गेले: कधी खऱ्या औषधाचा पंप, कधी औषध नसलेला खोटा पंप, कधी सुया टोचल्याचा नुसता बहाणा, आणि कधी काहीच नाही, नुसते बसवून ठेवणे. नंतर त्यांना 'किती बरे वाटते' असे विचारले. खऱ्या पंपानंतर रुग्णांनी सुमारे 50 टक्के सुधारणा सांगितली, खोट्या पंपानंतर 45, खोट्या सुयांनंतर 46, आणि काहीच न करता 21. म्हणजे बरे वाटण्याच्या बाबतीत खरे औषध आणि बहाणा जवळजवळ बरोबरीचे ठरले. मग त्याच रुग्णांना यंत्रात फुंकायला लावून छातीतून प्रत्यक्ष किती हवा बाहेर पडते ते मोजले. खऱ्या औषधाने ती सुमारे 20 टक्के वाढली होती. बाकी तिन्ही प्रकारांत वाढ सुमारे 7 टक्के, म्हणजे काहीही न केल्यावर जितकी तितकीच. रुग्ण खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच बरे वाटत होते आणि त्यांच्या श्वासनलिका खरोखरच आवळलेल्या होत्या. दम्याच्या माणसाला ही जोडी जिवावर बेतू शकते, कारण बरे वाटले म्हणून तो पंप घरी ठेवून शेतावर जातो.

तुमच्या पडवीत जे घडते ते पहिल्या मोजणीतले आहे, ताई. त्याला थोतांड म्हणायला मी तयार नाही. निजेचे खोबरे झालेल्या माणसाला चार रात्री झोप लागणे ही लहान गोष्ट नव्हे. फक्त तुम्ही दुसऱ्या मोजणीतले काही देता असे तुमच्या तोंडून, किंवा तुमच्या गप्प बसण्यातून, कोणाला वाटू देऊ नका. तेवढे पाळलेत तर ही फसवणूक नाही, आणि ते पाळले नाही तर मुलाचा शब्द खरा ठरेल.

नागिणीचे थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचा विश्वास तिथूनच बसतो. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे दबून राहतो आणि वय झाले, अंगातली ताकद कमी झाली की एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर पडतो. म्हणून पुरळ पट्ट्यासारखे उठते आणि शरीराच्या एकाच बाजूला राहते. नागिणीची तोंडे जुळली की माणूस दगावतो, असे आपण ऐकत आलो आहोत. रोगाचा स्वभावच एका बाजूला राहण्याचा असल्याने तोंडे सहसा जुळतच नाहीत, आणि उतरवणाऱ्याच्या पदरात यश आपोआप पडते. पुरळ दोन ते चार आठवड्यांत स्वतःहून सुकते. तुमच्या तिघांचे तसेच झाले. पण पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत विषाणूविरोधी गोळ्या सुरू झाल्या तर त्यांचा सर्वाधिक उपयोग होतो, आणि नागीण कपाळावर किंवा डोळ्याजवळ उठली तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. मंत्र ऐकायला आणि गेरू लावायला येणारा माणूस नेमके तेच तीन दिवस तुमच्याकडे घालवतो. यापुढे नागीण घेऊन कोणी आले तर त्याला त्याच दिवशी आरोग्य केंद्राची वाट दाखवा आणि संध्याकाळी वाटल्यास प्रार्थनेला बोलवा. आईची विद्या सोडल्यासारखे वाटेल खरे. पण तुमच्या आईच्या काळी या गोळ्या डिचोलीत मिळत नव्हत्या. मिळत असत्या तर तिने काय केले असते याचा अंदाज तुम्हीच करा.

तळहात गरम होतात त्याला कारण आहे. मन निवले की हातांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त अधिक येते आणि हात तापतात; ताणात हात गार पडतात ते याच्या उलट. प्रार्थनेत तुमचे मन निवते, याची ती चांगली खूण आहे. रोग्याच्या अंगात काही शिरल्याची ती खूण नाही. अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या शाळकरी मुलीने हे फार साधेपणाने तपासले होते. अंगाला हात न लावता केवळ हात फिरवून ऊर्जा जाणवते असे म्हणणाऱ्या 21 उपचारकांना तिने पुठ्ठ्याच्या पडद्याआड दोन्ही हात पसरून बसवले आणि त्यांच्या कोणत्या तरी एका तळव्यावर काही अंतर राखून आपला हात धरला. 'माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे?' इतकाच प्रश्न. 280 प्रयत्नांत 44 टक्के उत्तरे बरोबर आली. डोळे मिटून नाणे उडवले असते तरी याहून बरे आले असते. हा निबंध 1998 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

मग लोकांना आराम पडतो तो कशाने? तुम्ही अंगाला हात लावता, हे त्याचे एक उत्तर आहे. आपल्या केसाळ त्वचेत असे काही मंद तंतू असतात की ते सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरणाऱ्या, अंगाइतक्याच उबदार हाताला सर्वाधिक प्रतिसाद देतात. रडत्या पोराच्या पाठीवरून आजीचा हात ज्या गतीने फिरतो तीच ही गती. दुसरे उत्तर मला अधिक मोलाचे वाटते, आणि ते म्हणजे तुमचा वेळ. पोटाच्या जुनाट तक्रारीच्या 262 रुग्णांवर 2008 साली झालेल्या एका अभ्यासात नुसत्या प्रतीक्षा यादीवर ठेवलेल्यांपैकी 28 टक्क्यांना पुरेसा आराम पडला, खोट्या सुया टोचून घेतलेल्यांपैकी 44 टक्क्यांना, आणि त्याच खोट्या सुया आपुलकीने, निवांत ऐकून घेऊन टोचल्या तेव्हा 62 टक्क्यांना. सुया त्याच होत्या आणि खोट्याच होत्या. वाढले ते केवळ ऐकून घेणे. आपल्या सरकारी दवाखान्यांतल्या ओपीडीची रांग आठवा, आणि तिथला डॉक्टर मनात असूनही हे का देऊ शकत नाही ते ध्यानात येईल. खाजगीत पैसे मोजूनही ते मिळेलच असे नाही, हे जाता जाता लिहून ठेवते.

प्रार्थनेविषयी मी थोडेच लिहीन. अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांत हृदयाच्या बायपासच्या 1802 रुग्णांवर केलेला आणि 2006 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा प्रयोग आहे. परक्या माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही. उलट 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असे ज्यांना निश्चित सांगितले होते, त्यांच्यात ती 59 टक्क्यांना झाली आणि बाकीच्या दोन गटांत 51-52 टक्क्यांना. आपली अवस्था इतकी वाईट आहे की काय, या शंकेने ते धास्तावले असावेत, असा एक तर्क केला जातो. यावरून प्रार्थना सोडून द्यावी असे मला मुळीच वाटत नाही. देवाला तराजूत बसवू नये, इतकेच वाटते. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्र सायबिणीला तेल वाहायला हिंदूही जातात आणि ख्रिस्तीही, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्या दिवशी रक्तदाबाची गोळी घेतात. तुमच्या ख्रिस्ती शेजारणींना विचारा: पाद्री आजाऱ्याच्या कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना करतो, तेव्हा 'औषध बंद कर' असे तो सांगत नाही. तुमच्या पडवीलाही तो पायंडा शोभेल.

औषधांच्या बाबतीत तुम्ही कडक राहिले पाहिजे, कारण बरे वाटले की गोळी सोडणे ही आपल्या लोकांची जुनी सवय आहे. क्षयाचे औषध निदान सहा महिने घ्यावे लागते, पण खोकला आणि ताप काही आठवड्यांतच हटतात. त्याच सुमारास कोणी तुमच्याकडे येऊन गेला असेल तर तो गुण तुमचा समजेल, गोळ्या सोडील, आणि परतून येणारा क्षय गोळ्यांना दाद न देणारा असू शकेल. मधुमेहाचे इन्सुलिन आणि फेफऱ्याची गोळी एकाएकी बंद करणे तर सरळ धोक्याचे आहे. छातीत कळ, एका बाजूचे हातपाय लुळे पडणे, तोंड वाकडे होणे, धाप, रक्त पडणे, पोराला आकडी, सापाचा दंश यांपैकी काही असेल तर पडवीत बसवूच नका, 108 ला फोन करा. आणि तुमच्याकडे रडायला येणारी जी माणसे असतील, जगण्यात राम उरला नाही म्हणणारी, त्यांना तुमचा हात हवाच आहे, पण तेवढ्यावर त्यांना सोडू नका; टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येते आणि बांबोळीला मनोविकारांची स्वतंत्र सरकारी संस्था आहे. शिवाय मुलींच्या आणि तरुण बायकांच्या अंगाला हात लावताना घरातले तिसरे कोणीतरी समोर असू द्या आणि डोके, खांदे, पाठ यांपलीकडे हात नेऊ नका. तुमच्यावर संशय म्हणून हे लिहीत नाही. तुमचे पाहून उद्या दुसरा कोणी पडवी मांडील, आणि गावाला चांगली चाल आधीच माहीत असलेली बरी.

तुमच्या परिचित गृहस्थांना मात्र सरळ नाही म्हणून टाका. रेकी ही हात ठेवून ऊर्जा देतो म्हणणारी, जपानात मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास सुरू केलेली पद्धत, आणि हवाईच्या हवायो ताकाता यांनी ती पाश्चात्त्य जगात नेली. शिकवणाऱ्याचा शेवटचा टप्पा देण्यासाठी ताकाताबाई दहा हजार डॉलर घेत असत, म्हणजे या धंद्यातला पैसा नवा नाही. आयुष मंत्रालयाखाली येणाऱ्या चिकित्सापद्धतींत रेकीचा समावेश नाही, तेव्हा त्या सर्टिफिकेटाने तुम्ही उपचार करण्यास पात्र ठरत नाही. फक्त भिंतीला एक चौकट मिळते आणि समोरच्याचा संशय मावळतो, हा त्याचा खरा उपयोग. पत्रकांचे तर बोलूच नये. औषधे आणि जादुई उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध 1954 चा केंद्रीय कायदा आहे. ताईत, मंत्र, कवच आणि तत्सम चमत्कारी उपायांनी कर्करोग, मधुमेह, रक्तदाब, फेफरे, पक्षाघात असे ठरावीक रोग बरे होतात अशी जाहिरात करणे हा त्याखाली गुन्हा आहे, आणि जाहिरातीत छापील पत्रकाबरोबर तोंडी केलेली घोषणाही धरली जाते. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंतची कैद होऊ शकते. हॉल कोणाच्याही नावावर असो, पत्रकावर नाव तुमचे असेल.

मुलाशी भांडू नका. त्याचा राग तुमच्यावर आहे त्याहून, कोणीतरी आपल्या आईच्या पडवीतून उठून जाऊन मरेल, या धास्तीवर अधिक आहे, आणि ती धास्ती रास्त आहे. त्याला कामाला लावा. येणाऱ्यांपैकी जे कोणी नेहमीची औषधे घेतात त्यांना पुढच्या वेळी चिठ्ठी आणायला सांगा, त्यांच्या संमतीने ती मुलाला दाखवा, आणि यातले काय कधीही सोडायचे नाही ते त्याच्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. शंका आली तर उत्तर चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांकडून घ्यायचे, त्याच्याकडून नाही. महिनाभर हे केले की तुमचे वाद पुष्कळ कमी होतील.

नारळ घ्या. पन्नास रुपये घेऊ नका. रक्कम लहान आहे हे मला दिसते, आणि यजमानांचे खाणीवरचे काम सुटलेल्या घरांची ओढाताण आपल्या तालुक्याला सांगायला नको. पण पैसे दिलेला माणूस गुण मागतो, आणि गुण मागणाऱ्या माणसासमोर 'हे माझ्या हातचे नाही, बांबोळीला जा' असे म्हणणे कठीण होते. तुम्हाला हे वाक्य यापुढे वरचेवर म्हणावे लागणार आहे.

वाळपईच्या बाई तपासून आल्या की मला दोन ओळी लिहा. नाव-गाव नको, नुसते 'जाऊन आलो' एवढे पुरे.